आग्रह, उमाळा आणि आपली इच्छा



नांदेडच्या एका शाळेत मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले. दहावीच्या वर्गात एकदा भाषांतराला एक वाक्य दिले होते. त्यात 'अर्ज' हे इंग्रजी क्रियापद होते, म्हणजे एखाद्याला कळकळीने, जोर देऊन काही करायला सांगणे. मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून आत्मविश्वासाने सांगितले, "डॉक्टर रोग्याकडे अर्ज करतात की त्याने विडी सोडावी." सगळा वर्ग हसला, मीही हसलो. आपल्याकडचा अर्ज अरबीतून आलेला, तहसीलदारापुढे नम्रपणे ठेवायचा. इंग्रजांचा अर्ज लॅटिनमधून आलेला, त्याचा मूळ अर्थ दाबणे, रेटणे, हाकणे. आपण रोज वापरतो तो 'अर्जंट' हा शब्द त्याच घरातला. एक अर्ज खालून वर जातो, दुसरा मागून पुढे ढकलतो. नाते काहीच नाही, उच्चार मात्र एक.

त्या मुलाला बसवून मी पुढे शिकवायला लागलो आणि स्वतःच अडलो. कारण हाच शब्द इंग्रजीत नाम म्हणूनही येतो आणि तेव्हा त्याचा अर्थ होतो आतून अचानक उसळणारी ओढ. बाहेरून दुसऱ्याने दिलेला रेटा आणि आतून आलेला रेटा, दोन्हींना एकच शब्द. मुलांनी विचारले, "सर, हे कसं काय?" मी त्या दिवशी व्याकरणाचे उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरे उत्तर शोधायला पुढे बरीच वर्षे लागली आणि ते पुरते सापडले आहे असे आजही म्हणवत नाही.

आपली मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. दुसऱ्याच्या मनावर जोर टाकायचे किती प्रकार आपण वेगवेगळे ओळखतो बघा. आग्रह करणे वेगळे आणि गळ घालणे वेगळे. मनधरणी, विनवणी, टुमणे, तगादा, पिच्छा पुरवणे, भरीस घालणे, फूस लावणे, चिथावणे, गळी उतरवणे आणि शेवटी सक्ती, बळजबरी. आग्रहाचा मान आपल्याकडे मोठा, पंगतीत आग्रह झाला नाही तर पाहुणा उपाशी उठला असे समजतात. पण फूस लावली म्हटले की लगेच कपाळाला आठी पडते. आतल्या उसळीचेही तसेच आहे. ऊर्मी, उमाळा, कळवळा हे वरच्या पायरीवरचे, हुक्की, लहर आणि खुमखुमी मधले, आणि सणक, तिडीक, तिरमिरी खालचे. उबळ तर खोकल्याचीही येते आणि रागाचीही.

या दुसऱ्या यादीतल्या शब्दांची एक गंमत आहे. ते सगळे 'येतात'. मला हुक्की आली, त्याला सणक आली, तिला उमाळा आला, राग आला, रडू आले. मराठी माणूस या वाक्यांत कर्ता नसतोच. पाहुणा दारात यावा तशी ही मंडळी येतात आणि आपण फक्त 'मला', 'त्याला' म्हणून बाजूला उभे. एका परीने ही पळवाट आहे. बायकोवर हात उचलणारा दुसऱ्या दिवशी हेच सांगतो की मला राग आला, माझे मला समजले नाही. जणू हात त्याचा नव्हता, रागाचा होता.

पण याच भाषेने दुसरे क्रियापदही दिले आहे. राग 'येतो' आणि राग 'धरतो'. येणे आपल्या हाती नाही, धरणे आहे. धर्मपंडितांनी शतकानुशतके लॅटिनमध्ये घासाघीस करून जो भेद मांडला, तो आपल्या घराघरातल्या बायका दोन क्रियापदांत सांगून मोकळ्या होतात. त्या पंडितांचे म्हणणे असे की, बुद्धीला चाहूल लागण्याआधी मनात जी पहिली हालचाल होते, तिच्यात पाप नाही. शेजाऱ्याचे नवे ट्रॅक्टर पाहून पोटात खड्डा पडला, त्याबद्दल पापनिवेदन करण्याची गरज नाही. त्या खड्ड्याला आपण खतपाणी घातले, रात्री अंथरुणावर पडून पुन्हा पुन्हा उकरला, तर गोष्ट निराळी. पौलानेही इफिसकरांना लिहिताना रागावूच नका असे म्हटलेले नाही. राग आला तरी पाप करू नका आणि सूर्य मावळेपर्यंत तो ठेवू नका, असा त्याचा सल्ला आहे. म्हणजे त्याने मुदत घालून दिली आहे.

न्यायालयही मुदतच मोजते. जुन्या मंडळींना 1959 मधला मुंबईचा नानावटी खटला आठवत असेल. नौदलाचा हा अधिकारी 27 एप्रिलला दुपारी पत्नीकडून तिच्या संबंधांची कबुली ऐकतो, तिला आणि मुलांना सिनेमागृहावर सोडतो, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतो, मग त्या माणसाला आधी त्याच्या कचेरीत शोधतो, नंतर घरी गाठतो. गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे हे घडले, असा बचाव झाला. ज्यूरीने सोडले होते, पण उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. मधे सुमारे तीन तास गेले होते आणि तेवढ्यात माणूस भानावर येऊ शकतो, असे न्यायालयाचे म्हणणे. राग आला होता हे कुणीच नाकारले नाही. तीन तास तो धरला गेला, याचा हिशोब झाला.

येथवर मला फारशी अडचण वाटत नाही. अडचण चांगल्या उमाळ्यांच्या बाबतीत आहे, कारण त्यांच्याकडे आपण संशयाने बघतच नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली सापडली. बातमी कळताच नांदेडहून आम्ही काही जण टेम्पो करून निघालो. कुणी विचारले नाही, कुणी आग्रह केला नाही. घरात होते ते कपडे, भाकरी, कंदील घेतले आणि निघालो. तो उमाळा खरा होता आणि मला त्याची आजही लाज नाही. पण त्याच रस्त्यावर पावसात भिजणारे जुन्या कपड्यांचे ढीग मी पाहिले, त्यांना हात लावायला कुणी नव्हते. नुसते बघायला आलेल्यांच्या गाड्यांनी वाट अडलेली पाहिली. आमचा टेम्पोही त्या गर्दीतलाच एक होता हे मला परतताना लक्षात आले. कळवळा आला होता, पण तिथे नेमके काय हवे आहे हे विचारायला आम्ही थांबलो नव्हतो. ज्यांनी थांबून विचारले, ते महिनोन्‌महिने तिथे राहिले. आम्ही तिसऱ्या दिवशी घरी होतो.

त्यानंतरचा प्रश्न याहून कठीण होता. ज्यांची घरची माणसे दगडाखाली गेली होती ती म्हणाली, आता दगडाच्या घरात पाऊल ठेवणार नाही, त्या गावठाणात राहणार नाही. सरकारनेही तसे ठरवले. जवळपास बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, जमिनीच्या मानाने कुणाला अडीचशे, कुणाला चारशे, कुणाला साडेसातशे चौरस फुटांचे घर. घरे भक्कम झाली, यात शंका नाही. पण गावे ऐसपैस पसरली, सरळ रस्ते आले आणि गल्ली गेली. म्हातारी ओट्यावर बसून हाक मारायची ती शेजारीण दोन रस्त्यांपलीकडे गेली. पुढे काही वर्षांनी तिथली माणसे हळहळ करायची तेव्हा माझ्या मनात यायचे की, हा निर्णय नेमका कुणी घेतला? लोकांनीच मागणी केली होती हे खरे. पण ती मागणी कोणत्या रात्रीनंतरची होती?

ॲरिस्टॉटलने वादळात सापडलेल्या जहाजाचे उदाहरण दिले आहे. खलाशी आपला माल आपल्या हाताने समुद्रात टाकतात. ते त्यांनी इच्छेने केले की अनिच्छेने? कुणी हात धरलेला नाही, पण शांत समुद्रात कुणी असे करणार नाही. तो म्हणतो, ही सरमिसळ आहे, तरी झुकते माप इच्छेकडे. मला किल्लारीच्या माणसांना दोष द्यायचा नाही, ज्याच्या घरातून चार ताट्या निघाल्या त्याला शांत डोक्याने विचार कर म्हणणारा मी कोण? संत इग्नेशियस लोयोला यांनी मात्र आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत लिहून ठेवले आहे की, मन उदास, काळवंडलेले असताना आधीचा निश्चय बदलू नये. आणि नुसते एवढेच नाही. मन आनंदाने उचंबळून आले असतानाही घाईने नवस-शपथा घेऊ नयेत, साधना देणाऱ्याने तशा माणसाला सावध करावे, असेही ते सांगतात. उमाळा देवाकडून आलेला असला तरी त्यानंतरच्या घटकेत आपण स्वतःचे जे बेत त्याला चिकटवतो ते देवाचे असतीलच असे नाही, ही त्यांची बारीक नजर.

आता दुसऱ्याच्या रेट्याकडे येऊ. एम्मावसच्या वाटेवरची गोष्ट आपल्याला पाठ आहे. प्रभू पुढे जाणार असे दाखवतात आणि ते दोघे त्यांना थांबवून घेतात. संत लूकने तिथे वापरलेल्या ग्रीक शब्दात जबरदस्तीचा अर्थ दडलेला आहे. फिलिप्पैमध्ये जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया पौलाला आपल्या घरी उतरायला लावते, तिथेही तोच शब्द. म्हणजे प्रेमाच्या आग्रहात थोडी जबरदस्ती असते आणि शुभवर्तमानाला तिचे वावडे नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरी जेवलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

पण मेजवानीच्या दाखल्यात धनी चाकराला म्हणतो, रस्त्यांवर जा आणि लोकांना भाग पाडून आत आण. याच वाक्याने पुढे मोठा घोळ घातला. संत ऑगस्टीन आधी म्हणायचे की, श्रद्धेच्या बाबतीत जोर नको, बोलून पटवावे. पण आपल्या आफ्रिकेतली फुटून गेलेली गावेच्या गावे बादशहाच्या कायद्याच्या धाकाने परत आलेली पाहिली आणि त्यांचे मत पालटले. इ. स. 408 च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात त्यांनी याच दाखल्याचा आधार घेतला. त्यांचा युक्तिवाद भोळा नव्हता. भीतीने आलेली माणसे नंतर मनापासून आभार मानतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणजे बाहेरचा रेटा काही दिवसांनी आतला होतो. पण 'नंतर ते आपल्याला धन्यवाद देतील' हे वाक्य एकदा हाती आले की, कुठल्याही बळजबरीला ते पुरते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा दिला आणि श्रद्धेच्या बाबतीत सक्तीला दार बंद केले. त्यात आणखी एक गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते. सक्तीच नव्हे, तर न शोभणारी मनधरणीसुद्धा टाळावी आणि समोरचा गरीब किंवा अशिक्षित असेल तर विशेष करून टाळावी, असे ती परिषद म्हणते. आपल्या करार कायद्याने, 1872 च्या, कलम 16 मध्ये जवळपास हेच ओळखले आहे. ज्याचा दुसऱ्यावर अधिकार चालतो किंवा ज्याच्यावर दुसरा विसंबून आहे, त्याला दमदाटी करावीच लागत नाही. त्याचा एक शब्द पुरतो.

शिक्षकाचाही पुरतो.

हे मी त्या माणसाला विचारूनच लिहीत आहे. कदाचित तो आज तुमच्या शेजारच्या बाकावर बसला असेल. वडील एस. टी. त कंडक्टर. पोरगा हुशार, पण त्याचा जीव वायरींत. घरातला बिघडलेला पंखा, शेजाऱ्याचा रेडिओ, काहीही उघडून बसायचा. दहावीला चौऱ्याऐंशी टक्के पडले आणि तो म्हणाला, आयटीआयला जातो. मी त्याच्या घरी गेलो. एकदा नाही, तीनदा. ते दिवस लातूर पॅटर्नचे होते, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरच्या कॉलेजांची नावे झळकत आणि बीड, परभणी, नांदेडची पोरे ट्रंक घेऊन लातूरच्या खोल्यांतून राहायला जात. मी त्याच्या आईला सांगितले, लेकराचे सोने होईल. वडिलांना सांगितले, कर्ज काढा, फिटेल. आणि त्याला सांगितले, तुझ्यात ते आहे. हे मी फसवायला म्हटले नव्हते. मला तसे मनापासून वाटत होते.

तो लातूरला गेला. बारावी झाली, प्रवेश मिळाला नाही. एक वर्ष रिपीट केले, मग आणखी एक. वडिलांचे कर्ज तो नोकरीला लागल्यावरही बराच काळ फिटत होते. आज त्याचे मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे, बरे चालते. उन्हाळ्यात बोअरच्या मोटारींची रांग लागते. म्हणजे जिथे जायचे होते तिथेच पोचला, फक्त बरेच फिरून.

काही वर्षांपूर्वी मी त्याची माफी मागायला गेलो. त्याने स्टूल पुढे सरकवले आणि जे बोलला ते मी विसरू शकलो नाही. "सर, तुम्ही म्हणालात म्हणून गेलो असं म्हटलं तर माझं सोपं होतंय. पण खरं सांगू का? सहा महिन्यांनी मलाच डॉक्टर व्हायचं होतं. पांढरा कोट स्वप्नात यायचा. दुसऱ्यांदा रिपीट कर असं मला कुणीच म्हणलं नव्हतं, बाबा तर नको म्हणायलेते. मीच हट्ट केला. आता कुणाला काय पाहिजे होतं, ते मलाच समजंना झालंय."

वर्गातल्या त्या मुलांना द्यायचे उत्तर मला त्या दुकानात सापडले. एका शब्दाचे दोन अर्थ का, तर पहिला अर्थ झिरपत झिरपत दुसरा होतो. मी बाहेरून जो रेटा दिला तो सहा महिन्यांत त्याची स्वतःची ओढ झाला होता आणि त्यावर माझे नाव लिहिलेले नव्हते. त्याने शांत डोक्याने विचार केला असता तरी, ही ओढ आपली नाही हे त्याला कसे कळावे? आणि आपल्यापैकी कुणाची कुठली ओढ अशी आहे की, जी आईने, मास्तराने, शेजाऱ्याने, टीव्हीने कधी तरी आत ढकललेली नाही? माझी इंग्रजीची आवडसुद्धा एका मास्तरांनी लावलेली. तिच्याबद्दल मी त्यांचे आभार मानतो. पॅटर्न फळाला आला असता तर या पोराने माझेही मानले असते आणि मग मी हा लेख लिहिलाच नसता, हे कबूल केले पाहिजे. फळावरून आग्रहाची पारख करायची ही माझी सवयच मला आता खोटी वाटते.

इग्नेशियसनी साधना देणाऱ्याला सांगितले आहे की, त्याने साधकाला इकडे किंवा तिकडे झुकवू नये, अगदी संन्यासाच्या चांगल्या वाटेकडेही नाही. तराजूच्या काट्यासारखे मधे राहावे आणि देवाला त्या जिवाशी सरळ बोलू द्यावे. हा नियम साधनेच्या दिवसांपुरता आहे. बापाला, शिक्षकाला रोज काट्यासारखे राहता येत नाही, मूल विहिरीकडे धावले तर हात ओढावाच लागतो. पण त्या पोराच्या घरी तिसऱ्यांदा जाण्याची गरज होती का, एवढे मी स्वतःला विचारतो. पहिल्यांदा गेलो ते त्याच्यासाठी. तिसऱ्यांदा बहुधा माझ्यासाठी, माझा विद्यार्थी लातूरला आहे हे सांगता यावे म्हणून.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, पाचव्या अध्यायात, ख्रिस्ताची प्रीती आपल्याला काय करते ते सांगणारे एक वाक्य आहे. लॅटिनमध्ये तिथे नेमके तेच क्रियापद आहे ज्यातून इंग्रजी 'अर्ज' निघाला, म्हणजे ती प्रीती आपल्याला रेटते. काही इंग्रजी भाषांतरे म्हणतात ती भाग पाडते, काही म्हणतात ती ताबा ठेवते. मूळ ग्रीक शब्दात दोन्ही बाजूंनी दाबून एकत्र धरणे असा अर्थ आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात 'आवरून धरणे' हे शब्द आले आहेत. मी तरुणपणी समजायचो की, भाषांतर करणारा चुकला, पुढे ढकलणाऱ्या शब्दाला त्याने लगाम करून टाकला. आता तसे वाटत नाही. मोह आवरला, अश्रू आवरले, घर आवरले, केस आवरले. आवरलेली गोष्ट मेलेली नसते, आपल्या जागी असते. किल्लारीच्या रस्त्यावर आमच्या उमाळ्याला तेवढेच कमी पडले होते आणि त्या कंडक्टरच्या ओसरीवर माझ्या आग्रहाला.

गेल्या जूनमध्ये त्याच दुकानात गेलो होतो, घरची मिक्सरची मोटार जळाली होती. तो म्हणाला, "सर, बरं झालं आलात. पोरीला जरा समजावून सांगा. ब्याण्णव टक्के पडलेत आणि आर्ट्स घेते म्हणायली." मुलगी आतल्या बाकड्यावर बसली होती. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायच्या आधी वहीच्या पानावर तिने कॉलेजांची नावे उतरवली होती. पहिल्या पसंतीची ओळ कोरी होती.

मी तिला विचारले, "आर्ट्स कधीपासून मनात आहे?"

"आठवीपासून," ती म्हणाली आणि मग थोडे थांबून, "आमच्या इतिहासाच्या मॅडममुळे."

तिचा बाप माझ्याकडे पाहून हसला. मग त्याने चहा सांगितला. आम्ही तिघांनी तो घेतला, मिक्सरची मोटार त्याने संध्याकाळी देतो म्हणून सांगितले, आणि मुदतीला अजून चार दिवस होते म्हणून तिने ते पान घडी करून वहीत ठेवले.